ध्रुवाकडचा मुलूख वर्गात कसा शिकवावा: सुरुवात टँकरपासून

ध्रुवीय प्रदेशाचा धडा आला की फळ्यावर पहिला शब्द पडतो तो बर्फ. मग इग्लू, पांढरं अस्वल, सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवलं. लेकरं वहीत इग्लू काढायची आणि परीक्षा झाली की विसरून जायची. तिथं माणसं राहतात, त्यांना पाणी लागतं, भांडणं होतात, निवडणूक होते, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. आमच्याकडं मार्च सरला की टँकरची वाट बघणं सुरू होतं. एका उन्हाळ्यात मी ठरवलं की बर्फाचं नाव शेवटपर्यंत काढायचं नाही, पाण्यापासून सुरुवात करायची. तेव्हापासून हा धडा असाच घेते. तीन तास लागतात, कधी चार. सामान घरचंच: पृथ्वीगोल, विजेरी, मैदान आखायची फक्की, खडू आणि आदल्या रात्री काठोकाठ भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली प्लास्टिकची बाटली.

सगळं आर्क्टिक एकदम शिकवायला जाऊ नका, ते आठ देशांत पसरलंय. एकच मुलूख धरा. मी कॅनडाचा नुनावुत धरते. त्या नावाचा अर्थच ‘आपली भूमी’ असा आहे. शिवाय तिथला कारभार आपल्या ग्रामपंचायतीशी ताडून बघता येतो.

पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरी पाणी कुठून येतं? नळ, हातपंप, बोअर, शेतातली विहीर, टँकर, सगळं फळ्यावर लिहा. मग सांगा, जगात एक मुलूख असा आहे की जिथं बहुतेक घरांना बारा महिने टँकरनंच पाणी येतं. तळ्यातून पाणी घ्यायचं, शुद्ध करायचं, टँकरमध्ये भरायचं आणि घरोघरच्या टाकीत सोडायचं. दुसरी गाडी येते ती मैल्याची टाकी उपसून न्यायला. ती गाडी वेळेवर आली नाही आणि टाकी भरली, तर घरातलं पाणीही बंद पडतं. इथं वर्ग जागा होतो. “मॅडम, तिथं पण दुष्काळ हाय का?” हा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तर लगेच देऊ नका.

आधी “बोअर का मारत नाहीत, पाइप का पुरत नाहीत?” या प्रश्नावर थांबा. बाटली बाहेर काढा. पाणी गोठलं की फुगतं, हे फुगलेल्या, तडकलेल्या बाटलीवर हात फिरवून कळतं. तिथली जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते, काही ठिकाणी शेकडो मीटर खोलवर. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो. साधा पाइप पुरला तर आतलं पाणी गोठतं, आणि पाइप गरम ठेवावा तर भोवतीची जमीन विरघळून खचते. राजधानी इक्वालुइटसारख्या दोन-तीन ठिकाणी उष्णतारोधक वेष्टणातले पाइप आहेत, पण सगळीकडं तो खर्च झेपत नाही.

घरांचंही तसंच, आणि ते समजवायला आपली काळी माती पुरते. काळ्या रानात बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीला तडे जातात. हे गवंड्याच्या घरातलं लेकरू माझ्यापेक्षा चांगलं सांगतं, त्यालाच बोलू द्या. तिथं घराची ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीला लागू नये म्हणून घर खांबांवर उचलून बांधतात आणि खालून गार वारा खेळता ठेवतात. माती वेगळी, पण चिंता तीच.

आता दुष्काळाचा प्रश्न. रेझोल्यूट नावाच्या वस्तीत वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण दीडशे मिलिमीटर पडतं. लातूरला सरासरी सातशेच्या वर पडतो. म्हणजे बर्फाचा तो मुलूख आपल्यापेक्षा कितीतरी कोरडा आहे, ते एक थंड वाळवंटच आहे. हा आकडा सांगितल्यावर जरा गप्प राहा. टंचाई म्हणजे नुसता कमी पाऊस नव्हे, पाणी असूनही हाताशी नसणं म्हणजेही टंचाई, हे लेकरं आपोआप बोलायला लागतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते घराघरात ठाऊक आहे. त्याच्या शेजारी इक्वालुइट ठेवा: ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नळाच्या पाण्याला इंधनाचा वास आला, पाण्यात इंधन मिसळल्याचं निघालं आणि जवळपास दोन महिने ते पिऊ नका असं सांगावं लागलं. विमानानं बाटल्या आणल्या, लोकांनी जवळच्या नदीवर कॅन भरले.

दुसऱ्या तासाला मैदानात चला. भिंतीवरच्या नकाशावर उत्तरेकडचे मुलूख खऱ्यापेक्षा फार मोठे दिसतात, म्हणून आधी पृथ्वीगोल दाखवा. नुनावुतचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, नुसती जमीन धरली तरी महाराष्ट्राच्या सहापट. फक्कीनं एक चौकोन महाराष्ट्राचा आखा आणि तसेच सहा शेजारी-शेजारी. मग विचारा, यात माणसं किती? लेकरं कोटीत बोलतात. २०२१ च्या जनगणनेत होती ३६,८५८. सरासरी काढली तर पन्नास चौरस किलोमीटरला एक माणूस. ही सगळी माणसं २५ वस्त्यांत राहतात, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही. विमानानं जायचं, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून स्नोमोबाइलनं. जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं येतं. सिमेंट, गाड्या, पिठाची पोती, सगळं त्या थोड्या महिन्यांत आणून ठेवायचं. एखादी वस्तू मागवायची राहिली तर विमानाचं भाडं मोजा किंवा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघा.

दिवस-रात्रीचा खेळ विजेरीनं वर्गात अंधार करून घ्या, पण एक चूक टाळा. सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र हे फक्त ध्रुवबिंदूचं गणित आहे. राजधानी इक्वालुइट साधारण ६३.७ अंशांवर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेला. तिथं डिसेंबरातही चारेक तास ऊन असतं. उलट ७६ अंशांवरच्या ग्रीस फियर्ड या वस्तीला जवळपास तीन महिने सूर्य उगवतच नाही. गोलावर दोन ठिकाणी टिकल्या चिकटवा आणि गोल फिरवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो.

माणसांबद्दल सांगताना पहिल्यांदा ‘एस्किमो’ शब्द पुसा. ते स्वतःला इनुइट म्हणवतात, म्हणजे ‘माणसं’. एक असेल तर इनुक. नुनावुतमध्ये शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास लोक इनुइट आहेत. इग्लू या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ नुसता ‘घर’, मग ते बर्फाचं असो की लाकडाचं. आज ते लाकडी घरांत राहतात, बर्फाचं घर शिकारीच्या वाटेवरचा आसरा म्हणून बांधता येतं.

त्यांची लिपी हमखास शिकवा, पाच मिनिटं लागतात. खडूनं टोक वर असलेला त्रिकोण काढा: तो ‘पि’. तोच उजवीकडं वळवला की ‘पु’. डावीकडं वळवला की ‘प’. आपण बाराखडीत काना-मात्रा जोडतो, ते अक्षरच फिरवतात. लेकरं अख्खी फरशी त्रिकोणांनी भरून टाकतात, भरू द्या.

लगेच त्यानंतर नावांची गोष्ट सांगा, कारण ती हसतखेळत सांगायची नाही. इनुइटांमध्ये आडनाव नव्हतं. १९४० च्या दशकात सरकारनं प्रत्येकाला क्रमांक कोरलेली एक चकती दिली आणि कागदोपत्री माणूस त्या क्रमांकानं ओळखला जाऊ लागला. पुढं एब ओकपिक या इनुइट गृहस्थांनी साधारण १९६८ ते १९७१ या काळात वस्त्यावस्त्यांत फिरून लोकांना आडनावं निवडायला लावली. मी त्या दिवशी हजेरी नावानं न घेता क्रमांकानं घेते. सातव्या-आठव्या क्रमांकापर्यंत लेकरं हसतात, मग हसू थांबतं. हजेरी तिथंच तोडून परत पहिल्यापासून नावानं घ्या. गावांचीही नावं बदलली: फ्रोबिशर बे १९८७ मध्ये इक्वालुइट झालं, ‘पुष्कळ मासे असलेली जागा’. ग्रीस फियर्डला ते औयुइत्तुक म्हणतात, ‘कधीच न विरघळणारी जागा’.

तिसरा तास मी १९९३ या सालाला देते. फळ्यावर तीन तारखा लिहा. २४ एप्रिल १९९३: ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायत राज घटनेत आलं. २५ मे १९९३: इक्वालुइटमध्ये इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यात जमिनीचा करार झाला. ३० सप्टेंबर १९९३: आमचा, किल्लारीचा भूकंप.

करार असा होता की बाकीच्या भूमीवरचा पिढीजात हक्क सोडायचा, त्या बदल्यात साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन इनुइटांच्या मालकीची, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठी. शिवाय स्वतःचा वेगळा प्रदेश. तो १ एप्रिल १९९९ ला अस्तित्वात आला आणि पॉल ओकालिक पहिले प्रमुख झाले. विधानसभेत २२ सदस्य आहेत आणि राजकीय पक्ष एकही नाही. निवडून आलेले सदस्यच गुप्त मतदानानं आपल्यातला प्रमुख आणि मंत्री निवडतात. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे लेकरांना माहीत असतं, पण प्रत्येकाला पॅनेलही माहीत असतं. तिथंही मतभेद होतातच, फक्त ते पक्षाच्या नावावर मोजले जात नाहीत.

इक्वालुइट हे एकटं शहर, बाकीच्या २४ वस्त्यांना ‘हॅम्लेट’ म्हणतात. प्रत्येकीला निवडून आलेला महापौर आणि सदस्य, आणि आपल्या ग्रामसेवकाच्या जागी एक प्रशासकीय अधिकारी. पाण्याचे टँकर, मैल्याच्या गाड्या, रस्त्यावरचा बर्फ काढणं हे त्यांचं काम. स्वतःची घरपट्टी गोळा करते ती फक्त इक्वालुइटची पालिका, बाकीच्यांचा कारभार बहुतांशी वरून येणाऱ्या निधीवर. हे वाक्य आमच्या सरपंचबाईंनी वर्गात बसून ऐकलं आणि मान हलवली. जमलं तर सरपंचांना या तासाला बोलवाच. शाळेसाठी निवडून आलेली वेगळी समिती आणि शिकाऱ्यांची संस्थाही वस्तीवस्तीत असते. गावात दारू येऊ द्यायची का, हेही गावकरी मतदानानं ठरवतात. आपल्याकडं बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलेली गावं आहेत, तेव्हा हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

एक प्रश्न मुलींसाठी राखून ठेवा. १९९७ मध्ये नुनावुतच्या लोकांपुढं प्रस्ताव होता की प्रत्येक मतदारसंघातून एक बाई आणि एक पुरुष निवडावा. मतदानात तो फेटाळला गेला. आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. कुठलं बरोबर, यावर वाद घालू द्या, निकाल तुम्ही देऊ नका.

आता तिसरी तारीख. मी तेव्हा सहावीत होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, पहाटे चारच्या सुमाराला माळवदाची घरं खाली आली. आमची आजी त्यात गेली. नंतर गाव नव्या जागी वसवलं, तशी ५२ गावं नव्यानं वसली. घरं रांगेत, रस्ते रुंद, पण आईला पुढची कितीतरी वर्षं शेजारीण कुठल्या ओळीत राहते ते सापडायचं नाही.

म्हणून ग्रीस फियर्डची गोष्ट मी शेवटी सांगते. १९५३ मध्ये कॅनडा सरकारनं उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून काही कुटुंबं उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियर्ड आणि रेझोल्यूटला नेली. भरपूर शिकार मिळेल आणि दोन वर्षांनी परत यायचं तर आणू, असं सांगितलं होतं. तीन महिन्यांची रात्र त्यांनी आधी कधी बघितली नव्हती. पहिला हिवाळा तंबूत काढला. नातलगांची ताटातूट झाली. दोन वर्षांनी परत नेण्याचा शब्द पाळला गेला नाही. सरकारनं माफी मागितली ती २०१० मध्ये. आज ग्रीस फियर्डच्या किनाऱ्यावर लूटी पिजामिनी यांनी दगडात घडवलेली बाई उभी आहे, सोबत लेकरू आणि कुत्रा. आमचं गाव भूकंपानं हललं आणि शिवारातच राहिलं, त्यांचं गाव माणसांनी हलवलं आणि दोन हजार किलोमीटर नेलं. हा फरक नीट सांगा, दोन्ही दुःखं एकाच मापानं मोजू नका.

धडा संपवताना वर्गाची ग्रामसभा भरवा. प्रसंग द्या: वस्ती १४४ माणसांची, बाहेर उणे ३५, वादळ सुटलंय, दोनपैकी एक टँकर बंद पडलाय. पाणी आधी कुणाला? दवाखाना, तान्ही लेकरं, म्हातारी माणसं, अशी यादी होते. कुणीतरी शाळेचं नाव घेतं आणि वाद पेटतो. मध्येच आठवण करून द्या की मैल्याच्या टाक्याही भरल्यात आणि चालक एकच आहे. ठराव लेखी घ्या, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह.

घरचा अभ्यास एवढाच: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की जुन्या गावात आपलं घर कुठं होतं आणि पाणी कुठून आणायचे, आणि ते सांगतील तसा नकाशा काढून आणायचा. हा अभ्यास शुक्रवारी द्या. म्हातारी माणसं पहिल्या दिवशी “काय आठवतंय आता” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पेन्सिल मागून घेतात.