धोक्यातील सातेरी मधमाश्यांची वसाहत पेटीत कशी हलवावी?

जुनी भिंत पाडताना किंवा पोकळ झाड तोडताना मधमाश्यांची वसाहत आढळल्यास ती जाळू नये, तिच्यावर कीटकनाशकही फवारू नये. मात्र दिसेल ते मोहोळ पेटीत भरता येते, हा समजही चुकीचा आहे. अंधाऱ्या पोकळीत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी पेटीत नांदते. उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी पेटीत टिकत नाहीत. या दोघींना जागेवरच राहू द्यावे. आग्या मोहोळाला अनुभव नसलेल्याने हात लावणे तर जिवावर बेतू शकते. सातेरीलाही जागेवर धोका नसेल, तर केवळ मधाच्या मोहाने हलवू नये.

हलवणे अटळ असेल, तर परिसरात भरपूर फुलोरा असतानाच हे काम करावे, कारण तुटलेली पोळी पुन्हा जोडण्यासाठी लागणारे मकरंद आणि पराग तेव्हाच मिळतात. भर पावसात किंवा फुलांच्या टंचाईत हलवलेली वसाहत बहुधा पेटी सोडून जाते.

कामाला दुपार कलल्यावर, जाळी व हातमोजे घालून, बेताचा धूर देऊन सुरुवात करावी. अंडी आणि अळ्या असलेली पोळी एकेक करून धारदार सुरीने कापावीत आणि मूळची वरची बाजू वरच ठेवून सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने चौकटीत बांधावीत. पोळे चौकटीला पक्के चिकटले की माश्या तो दोरा कुरतडून दाराबाहेर टाकतात. पिल्लांना ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. म्हणून ही पोळी पेटीच्या मध्यभागी, जवळजवळ ठेवावीत आणि फार वेळ उघडी राहू देऊ नयेत. मधाने भरलेली पोळी पेटीत देऊ नयेत, कारण सांडलेला मध मुंग्यांना आणि लुटारू माश्यांना बोलावतो.

सारे यश राणीवर अवलंबून असते. ती पेटीत गेली असेल, तर दारातील कामकरी माश्या पोटाचे टोक उंचावून पंख हलवू लागतात आणि बाहेरच्या माश्या आत शिरतात; झुंड पुन्हा जुन्या कपारीकडे वळत असेल, तर राणी तिथेच राहिली असे समजावे. दाराला काही दिवस राणी फाटक, म्हणजे कामकरी माश्या जातील पण राणी अडेल अशी जाळी, लावणे उपयोगी ठरते, मात्र पोळ्यात अंडी मुळीच नसतील तर ते लावू नये, कारण राणी अजून कुमारी असल्यास तिला मिलनासाठी बाहेर पडावेच लागते.

चरायला गेलेल्या माश्या परतेपर्यंत पेटी तिथेच ठेवून, अंधार पडल्यावर हवा खेळती राहील अशा बेताने दार बंद करून ती हलवावी. नवी जागा सुमारे ३ किलोमीटरपेक्षा दूर असावी, अन्यथा माश्या जुन्या ठिकाणी परत जातात. जुनी पोकळी लगेच बुजवावी. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि समभाग साखर-पाण्याचा पाक सुरुवातीचे काही दिवस संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावा. आठवडाभर पेटी उघडण्याचा मोह आवरावा. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाताना दिसल्या, तर वसाहत रुळत आहे असे धरावे.

काम करताना दंश होतातच. नांगी नखाने खरवडून लगेच काढावी. श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा चक्कर येणे दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.