युव्हिआयटिसमध्ये रेटिनाचे फोटो काढताना: या चुका टाळा

अँजिओग्राफीत (शिरेतून रंग सोडून काढलेल्या रेटिनाच्या फोटोंत) डाय शिरेत गेला की पहिलं मिनिट सगळे डोळे ताणून बसतात. तिसऱ्या मिनिटाला "झालं की" म्हणत पेशंटला उठवतात. युव्हिआयटिसची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाची, खरी गंमत मात्र तिथून पुढे सुरू होते.

अशीच घाईत आटोपलेली एक अँजिओग्राफी माझ्याकडे आली होती. उजव्या मॅक्युलाभोवती (रेटिनाच्या मध्यभागाभोवती) टाचणीच्या टोकाएवढ्या गळत्या आणि खाली शेरा: सीएसआर, म्हणजे रेटिनाखाली पाणी साचण्याचा आजार. सीएसआरला स्टिरॉइड बाधतं, म्हणून ते दिलंच नव्हतं. मी ती पुन्हा केली आणि १० मिनिटं थांबलो. ठिपक्यांभोवती डायची तळी साचली, ऑप्टिक डिस्कही (डोळ्याची नस सुरू होते ती जागा) गळायला लागली. 'चांगल्या' डाव्या डोळ्यातही तेच. निघाला व्हीकेएच, म्हणजे दोन्ही डोळ्यांत दाह करणारा आणि स्टिरॉइड लगेच आणि भरपूर लागणारा आजार. सात मिनिटं वाचवली आणि दोन आठवडे घालवले! तेव्हापासून मी घड्याळ समोर ठेवतो आणि दुसऱ्या डोळ्याच्या उशिराच्या फ्रेम सोडत नाही. आयसीजी (हिरव्या डायची, रेटिनामागचा थर दाखवणारी अँजिओग्राफी) असेल तर अर्ध्या तासाशिवाय खुर्ची रिकामी होत नाही. कोणी कितीही सुस्कारे टाकोत.

दुसरी चीड तुलनेची. मागचा फोटो साध्या फंडस कॅमेऱ्याचा, आजचा वाइडफील्ड (रेटिनाचा मोठा भाग एकदम टिपणाऱ्या) लेझरचा, आणि रिपोर्टात "डाग वाढला". अहो, रंगच वेगळे! लेझरवाल्या बहुतेक यंत्रांत रंग दोन-तीन लेझर जुळवून तयार होतो. ऑटोफ्लुरोसन्सचंही (डायशिवाय, रेटिनाच्या स्वतःच्या चमकेच्या फोटोचंही) तेच. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात मॅक्युला मुळातच काळपट दिसतो, ५३२च्या हिरव्यात तेवढा नाही. सर्पिजिनसचा (सापासारखा वळत पसरणाऱ्या दाहाचा) पेशंट असेल तर मी पहिल्या भेटीचा फोटो शेजारच्या पडद्यावर उघडूनच सुरुवात करतो. तोच कॅमेरा, तोच मोड. डागाची कड उजळ झालीय का, हे तरच कळतं.

व्हिट्रिअस (डोळ्यातली जेली) धुरकट असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून फोटो 'सुंदर' करू नका. धुरकटपणा हीच नोंद आहे.

ओसीटीतल्या (रेटिनाच्या थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनमधल्या) जाडीच्या आकड्यावर विसंबू नका, आधी यंत्राने थरांवर आखलेल्या रेघा कुठे पडल्यात ते बघा. सूज असली की यंत्र हमखास चुकतं.

आयसीजीच्या आधी आयोडीनची ॲलर्जी विचारा. हे सांगावं लागतं, याचंच नवल.

आणि वाइडफील्डमध्ये पापण्यांचे केस खालचा भाग झाकतात. पार्स प्लॅनायटिसचा (रेटिनाच्या कडेजवळच्या दाहाचा) पांढरा थर नेमका खालीच बसतो. पापणी बोटाने धरा, नाहीतर कापसाच्या काडीने.