वेगवेगळ्या पेठांतली पोरं एका सतरंजीवर बसवून लिहायला कसं शिकवायचं

सुरुवातीलाच सांगतो, 'राष्ट्रीय एकात्मता' असा निबंध द्यायचा नाही. दिला की काय होतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा, 'विविधतेत एकता हे आपल्या देशाचे वैशिष्ट्य आहे' पासून गाडी सुटते आणि तिरंग्यापाशी थांबते, सोलापूरच्या साखर पेठेतल्या पोराचं आणि विजापूर वेशीतल्या पोराचं वाक्य सेम टू सेम, दोघांनाही दहापैकी आठ, आणि वर्ग सुटला की दोघं आपापल्या वाटेनं. लिहून झालं पण कोणी कोणाला काही सांगितलंच नाही. हे सगळं मी सोलापुरात वाचनालयात, मंडळाच्या हॉलमधे किंवा शाळेतच शनिवारी मिक्स गट घेऊन लेखनाचा वर्ग चालवायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितोय, साधारण सातवी ते नववीची पोरं डोळ्यासमोर ठेवून.

आपल्याकडे रोज काही दंगल नसते, अडचण वेगळीच आहे. एकाच गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा, त्यात इंग्लिश मिडियम वेगळं, पूर्व भागातला पद्मशाली (तेलुगू विणकर) घरातला पोरगा आणि बेगम पेठेतली मुलगी दहावीपर्यंत कधी एका बाकावर बसतच नाहीत, भेटले तर गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याच्या लाईनीत. बोस्नियात 1992 ते 95 च्या युद्धानंतर 'एका छपराखाली दोन शाळा' असा प्रकार आला, म्हणजे बिल्डिंग एक पण बोस्नियाक (मुस्लिम) आणि क्रोएट (कॅथलिक) मुलांचे अभ्यासक्रम वेगळे, काही ठिकाणी शिफ्ट आणि दरवाजेसुद्धा वेगळे. आपली गोष्ट तेवढी टोकाची अजिबात नाही, पण दरवाजे वेगळे असले की काय होतं हे आपल्यालाही कळतं की.

तर आधी गट. आणून बसवलं की झालं असं नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं 1954 मधे मांडलं होतं की वेगळ्या गटांतली माणसं भेटून पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर चार गोष्टी लागतात, दोघांचा दर्जा सारखा पाहिजे, काम एकच पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये, आणि वरच्या माणसांचा, म्हणजे हेडमास्तर, कमिटी वगैरेंचा पाठिंबा पाहिजे. नंतर पेटीग्रू आणि ट्रॉप या दोघांनी 2006 मधे 515 अभ्यास एकत्र करून पाहिले, भेटीगाठीनं पूर्वग्रह बहुतेक वेळा कमी होतो आणि ह्या अटी असल्या तर जास्त होतो असं निघालं. आपल्या वर्गात घोळ पहिल्या अटीतच होतो. मराठीत लिहायचं म्हटलं की मराठी माध्यमाचं पोरगं आपोआप मास्तर होतं, बाकीचे त्याच्या वहीत बघत बसतात, आणि ज्या मुलीकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ती 'सर, मला मराठी नाय येत नीट' म्हणून गप्प.

म्हणून पहिला कच्चा मसुदा ज्याला ज्या भाषेत येईल त्या भाषेत. तेलुगूत लिही, उर्दूत लिही, दखनीत (इकडच्या बोली उर्दूत) नुसतं बोल आणि शेजारच्यानं लिहून घे, चालतं. मराठी नंतर, दोघांनी मिळून. आणि लाल पेन पिशवीतच राहू दे. ग्रॅहम आणि पेरिन यांचा 2007 चा अमेरिकेतला अहवाल आहे, चौथी ते बारावीच्या मुलांना लेखन शिकवायच्या पद्धतींवरचे बरेच प्रयोग एकत्र करून केलेला, त्यात विचार, मसुदा, दुरुस्ती अशा पायऱ्या उघड करून शिकवणं आणि सारांश लिहायला शिकवणं सगळ्यात वर (परिणामाचा आकडा 0.82, शून्य म्हणजे काहीच फरक नाही, उणे म्हणजे उलट नुकसान), मुलांनी मिळून लिहिणं 0.75, आणि व्याकरण सुटं सुटं घोकून घेतलं तर उणे 0.32. ती मुलं इंग्रजी लिहिणारी होती हे खरंय, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं तीन ओळींत निबंध संपवणारी पोरं आपल्याकडं काय कमी आहेत का. शुद्धलेखन बघायचं, पण शेवटच्या प्रतीला.

आता विषय. सुरुवात पाण्यापासून करा, कारण सोलापुरात पाणी किती दिवसाआड येतं ह्यावर कुठल्याही पेठेतलं पोरगं तासभर बोलू शकतं आणि प्रत्येकाला वाटतं समोरच्याच्या भागात जास्त येतं. इथं जिगसॉ पद्धत बरोबर बसते. ही एलियट ॲरन्सन यांनी 1971 मधे टेक्सासमधल्या ऑस्टिनला काढली, तिथं काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झालेल्या आणि वर्गात नुसती मारामारी. पद्धत अशी की धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच तुकडा, म्हणजे पूर्ण धडा हवा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागतं. आपल्याकडं पाच जणांचा गट करा, एकानं उजनीचं बघायचं (धरणातून शहरापर्यंत पाणी कसं येतं), एकानं भागातल्या टाकीचं, एकानं चावीवाल्याला (भागात पाणी सोडणाऱ्या माणसाला) भेटायचं, एकीनं घरातल्या बाईला विचारायचं की पाणी आलं की किती वाजता उठता आणि किती भांडी भरता, आणि एकानं टँकरचं. पुढच्या शनिवारी पाचही जणांनी मिळून एकच दोन पानी लेख. शक्यतो गटात एका पेठेतले दोघं नको. चावीवाल्याला भेटणारं पोरगं सगळ्यात खूश असतं हे लिहून ठेवा, त्या माणसाकडं इतकं असतं सांगायला आणि त्याला कोणी कधी विचारत नाही.

पाण्यावर दोन-तीन आठवडे गेले, पोरं एकमेकांना नावानं हाक मारायला लागली की मग खरा विषय घ्यायचा, आणि सोलापुरात तो म्हणजे आवाज. डीजे, भोंगे, जयंत्या, उरूस, मिरवणुका. घाबरू नका, पण रीत पाळा. जोड्या करा. एकानं पाच मिनिटं आपलं मत सांगायचं, दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. मग दुसऱ्यानं ते सहा ओळींत लिहायचं, स्वतःचं मत न घालता, आणि वाचून दाखवायचं. ज्याचं मत आहे त्याला पटलं तरच तो खाली सही करणार, नाहीतर परत लिही. माझ्या सगळ्या वर्गाचा जीव ह्या एका सहीत आहे, बाकी सगळं नाही जमलं तरी चालेल, हे करा.

एका जोडीत काय झालं ते सांगतो. एकानं लिहिलं, 'याचे म्हणणे आहे की आमची मिरवणूक बंद करावी.' समोरचा लगेच, 'मी आसं कुठं म्हणालो बे? आवाज म्हणालो की. आज्जीला बीपीचा त्रास हाय, रात्री खिडकीच्या काचा हालतेत.' दुसऱ्यांदा आलं, 'याला आवाजाचा त्रास होतो.' तरी सही नाही. 'फक्त तुमचाच नाही म्हणालो, आमच्या गल्लीतला पण म्हणालो, ते का नाही लिहिला?' तिसऱ्यांदा जे वाक्य आलं ते असं, 'याचे म्हणणे आहे की रात्री दहानंतर कोणाचाही स्पीकर नको, त्याच्या स्वतःच्या गल्लीतलासुद्धा, कारण त्याची आजी आजारी आहे.' सही झाली. लिहिणाऱ्याचं मत बदललं का? नाही, त्याला डीजे पाहिजेच आहे अजून. पण 'आमची मिरवणूक बंद' पासून 'रात्री दहानंतर कोणाचाही' इथपर्यंत तो स्वतःच्या हातानं आला, आणि हे लेखनाचंच शिक्षण झालं की, सारांश नीट करणं, शब्द मोजून वापरणं. मत बदलायचं टार्गेट ठेवू नका, पोरांना ते लगेच कळतं आणि मग ती तुम्हाला पाहिजे ते लिहून देतात, म्हणजे परत एकात्मतेचा निबंध.

मग नियम द्या वाचायला. ध्वनी प्रदूषण नियम 2000 चे आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणासुदीला रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. नियमात कुठल्या धर्माचं नाव नाही हे पोरं स्वतः शोधतात, तुम्ही आधी सांगू नका. ते 15 दिवस कुठले असावेत ह्याची यादी प्रत्येक जोडीनं करायची आणि कारण लिहायचं. नागरिकशास्त्राचा धडा हाच, पुस्तकात तो इतिहासाच्या मागं चार पानांत असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात.

इतिहास घ्यायचा असेल तर जपून. उत्तर आयर्लंडमधे बहुतेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात, तिथं कीथ बार्टन आणि अॅलन मकली यांनी मुलांशी बोलून अभ्यास केला, तर दिसलं की शाळेत संतुलित इतिहास शिकवला तरी बरीच मुलं त्यातून आपल्या बाजूला उपयोगी पडेल तेवढंच उचलतात आणि घरून आलेली गोष्ट अजून पक्की करतात. म्हणजे नुसती माहिती ओतून उपयोग नाही, घरची गोष्ट आधी कागदावर आली पाहिजे.

त्यासाठी एक पान फार कामाचं आहे. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणाचे प्राध्यापक सामी अदवान यांनी दोन्हीकडचे शिक्षक घेऊन शाळेसाठी पुस्तिका केल्या, पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधला रकाना कोरा, मुलानं लिहायला. 1948 चं युद्ध हे एकीकडं स्वातंत्र्ययुद्ध, दुसरीकडं नकबा, म्हणजे महासंकट. दोन्हींची खिचडी केली नाही हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. दोन्हीकडच्या सरकारांना ते काही पचलं नाही ते सोडा.

आपल्याकडं हे पान करायला मे 1930 घ्या. गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, इंग्रज अधिकाऱ्यांनी पळ काढला आणि 12 मे ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. एका रकान्यात सरकारची बाजू, जमाव, जाळपोळ, मारले गेलेले पोलीस. दुसऱ्यात सोलापूरकरांची, की ते तीन-चार दिवस शहर लोकांनी स्वतः सांभाळलं. मधे कोरं. दोन्हीकडं आपलं कोणीतरी असल्यामुळं सुरुवात सोपी जाते, कोणाच्या पेठेवर बोट येत नाही, आणि तरी पोरांना कळतं की मेलेल्या पोलिसाच्या घरी तिसरीच गोष्ट असणार. फक्त 'चार हुतात्मे चार समाजांचे, बघा किती एकी' असं भाषण तुम्ही ठोकू नका, पुतळ्यापाशी दरवर्षी ते होतंच.

हे तुमच्या गटाला झेपलं तरच जवळचं काही काढा, आणि गावात तणाव असेल त्या आठवड्यात अजिबात काढू नका. त्या आठवड्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर लिहा, हसू नका, वर्ग चालू राहणं महत्त्वाचं.

मोबाईलचं मात्र कडक ठेवा. वहीच्या पानाचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला नाही, पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. सातवीआठवीतल्या पोराचं अर्धं वाक्य फॉरवर्ड होत कुठं जाईल सांगता येत नाही. आवाजाच्या विषयावरच्या पानांवर नाव न घालता नंबर घाला आणि वह्या तुमच्याकडंच ठेवा. पालकांना पहिल्याच दिवशी बोलवून काय काय लिहिणार ते तोंडी सांगा, नंतर कळलं की वाईट वाटतं. काही पालक पोराला काढून घेतील. घेऊ द्या, भांडू नका, पोरगं बऱ्याचदा महिन्याभरानं परत येतं.

शेवटचं काम म्हणजे खरा कागद खऱ्या कार्यालयात. माहिती अधिकाराचा अर्ज ह्याला भारी आहे, कारण महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, कुठल्याही भाषाशिक्षकाला सुचणार नाही इतका चांगला स्वाध्याय सरकारनंच करून ठेवलाय. पाण्याच्या पाच जणांच्या गटाला द्या: महापालिकेकडून आपल्या पाच भागांचं गेल्या तीन महिन्यांचं पाणी सोडल्याचं वेळापत्रक मागवायचं. पहिल्या मसुद्यात हमखास 'आम्हाला पाणी वेळेवर का मिळत नाही, हा अन्याय आहे' येतं. ते काढायला लावा, 'का' ला उत्तर मिळत नाही, नोंदवहीतली प्रत मिळते. तारीख, भाग, सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, एवढंच मागायचं. अर्ज कोणाच्या तरी पालकाच्या किंवा तुमच्या नावानं करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपये, आणि त्याचा मसुदा गटातल्या आत्तापर्यंत सगळ्यात कमी लिहिलेल्या पोराकडून करून घ्या. तक्ता हातात आला की पाच भाग शेजारी शेजारी मांडा, तुमच्याकडंच जास्त येतं हे भांडण तिथंच आकड्यांवर मिटतं किंवा आकड्यांवर पेटतं, कसंही झालं तरी पुढचा लेख तयार.