डिस्क बदलण्याआधी: सर्व्हर परत उठेल याची तयारी

लिनक्स सर्व्हरची डिस्क बदलताना डेटाचा बॅकअप सगळे घेतात, पार्टिशनच्या तक्त्याचा (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात याची नोंद) क्वचितच कुणी घेतं. बूट अडकतं ते बऱ्याचदा इथेच. म्हणून पुढची कामं मशीन चालू आहे तोवर उरका.

आधी मशीन कुठल्या मोडमध्ये बूट झालंय ते बघा. सिस या सिस्टिम डिरेक्टरीखालच्या फर्मवेअर डिरेक्टरीत ईएफआय दिसलं तर यूईएफआय, नाहीतर जुना बायोस; मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे हे दोन प्रकार. यूईएफआयला फॅट फॉरमॅटचं ईएसपी, म्हणजे बूट फाइलींचं पार्टिशन लागतं. पार्टिशनच्या तक्त्याचे दोन प्रकार: जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. खरी गोची बायोस आणि जीपीटी एकत्र आले की होते. एमबीआर डिस्कवर ग्रब या बूटलोडरचा (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) मुख्य भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या जागेत बसतो. जीपीटीत तिथे तक्ताच असतो, म्हणून ग्रबसाठी १ एमबीचं वेगळं बायोस बूट पार्टिशन करा. एसजीडिस्क या पार्टिशन करायच्या कमांडमध्ये त्याचा कोड ईएफ०२. ते फॉरमॅट करू नका, माउंटही करू नका. ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआरची मजल २ टीबीपर्यंतच, त्यामुळे त्याहून मोठ्या डिस्कवरून बूट करायचं तर हा प्रश्न येणारच. जुन्या डिस्कचं पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू होतंय का तेही बघा. तसं असेल तर ग्रबला जेमतेम ३१ केबी मिळतात; रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) किंवा एलव्हीएमची (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणं) मॉड्यूल्स आली की ते कमी पडू शकतात. नवी मांडणी २०४८व्या सेक्टरपासून करा.

एलएसबीएलके आणि ब्लकआयडी या डिस्कची माहिती दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट, एसजीडिस्कने घेतलेला तक्त्याचा बॅकअप आणि एफस्टॅबची (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते सांगणारी फाइल) प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. एफस्टॅबमध्ये एसडीए, एसडीबी अशी नावं असतील तर त्याऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) घाला, कारण डिस्क बदलली की नावं सरकतात. बूटसाठी न लागणाऱ्या डेटा डिस्कना एफस्टॅबमध्येच नोफेल हा पर्याय लावा; नाहीतर ती एक डिस्क सापडली नाही म्हणून अख्खा सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. बूट पार्टिशनमध्ये जागा आहे ना, तेही बघा.

मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) आहे म्हणून निर्धास्त राहणं मला सर्वांत घातक वाटतं. एमडीएडीएम या लिनक्सच्या टूलचं रेड-१, म्हणजे मिरर, पार्टिशनं सांभाळतं. एमबीआरचा पहिला सेक्टर आणि बायोस बूट पार्टिशन त्यात येत नाहीत. नवी डिस्क सिंक होते, सगळं ठीक दिसतं, आणि पुढे कधीतरी जुनी डिस्क गेली की बूट करायला काही उरत नाही. म्हणून ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर चालवा. यूईएफआय असेल तर ईएसपीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून बूट यादीत तिची नोंद करा. एसजीडिस्कच्या कॅपिटल आर पर्यायाने तक्ता नकलताना मात्र थांबून वाचा: पर्यायाला लागून नवी डिस्क, शेवटी जुनी. उलट झालं तर चांगला तक्ताच जातो. नक्कल झाल्यावर नव्या डिस्कला नवे जीयूआयडी (डिस्क आणि पार्टिशनचे ओळख क्रमांक) द्या.

शेवटी रिमोट कन्सोल उघडतोय ना ते बघा आणि लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) त्याच मोडमध्ये बूट करून पाहा. बायोस मोडमध्ये उठलेल्या यूएसबीवरून यूईएफआयची नोंद दुरुस्त होत नाही. अडलंच तर कुठे अडलं ते आधी वाचा. ग्रब रेस्क्यूचा प्रॉम्प्ट आला तर ग्रबला स्वतःच्या फाइलींचं पार्टिशन सापडलेलं नाही. इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती सिस्टिम) शेलमध्ये थांबलं तर रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, सापडलेली नाही. इमर्जन्सी मोड आला तर आधी एफस्टॅब उघडा.