नाटकातल्या पात्राचा अभ्यास कसा करायचा, बेणारे बाईंचं उदाहरण घेऊन

थिएटरच्या क्लासमधे कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस करायला सांगितलं की बरेच जण आधी नेटवर सारांश शोधतात आणि मग "ती धाडसी आहे, स्वाभिमानी आहे, समाजाने तिच्यावर अन्याय केला" असं दोन पानं लिहून देतात. यातलं खोटं काहीच नाही, पण एवढ्यावर स्टेजवर एक वाक्यसुद्धा बोलता येत नाही. मी इथे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली लीला बेणारे घेतेय कारण अभ्यास कसा करायचा हे तिच्याकडून जेवढं शिकता येतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुणाकडून. नाटक थोडक्यात असं: एका गावात प्रयोगाला आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, त्यांच्यातल्याच अविवाहित शिक्षिका बेणारे बाईंना आरोपी करतात आणि खेळता खेळता त्यांचं खरं खाजगी आयुष्यच उघडं पाडतात.

पहिलं वाचन एका बैठकीत करा, हातात पेन नको, फक्त गोष्ट कळू दे. दुसऱ्या वाचनाला वही घ्या आणि चार रकाने आखा: माहिती काय, कोण सांगतंय, कुठे सांगतंय, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतंय. शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच सगळी गंमत आहे, कारण बेणारेबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं तिच्यामागे लागलेल्या माणसांच्या तोंडून कळतं, तेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, आणि वर "खेळच तर आहे" असं म्हणत. मंडळींतला पोंक्षे सांगतो की तिच्या पर्समधे टिक-ट्वेंटीची (ढेकणांच्या विषाची) बाटली होती, तिने लग्नाचं विचारलं होतं. ठीक आहे, लिहून घ्या. पण मग पहिल्या अंकात परत जा, तिथे त्या गावातल्या सामंतांशी गप्पा मारताना बाईंनी याच पोंक्षेच्या इंटर नापास असण्याची टर उडवलीय, सुखात्म्यांच्या न चालणाऱ्या वकिलीची उडवलीय, काशीकर नवराबायकोलाही सोडलेलं नाही. म्हणजे पुढे तिच्यावर तुटून पडणारा जवळपास प्रत्येक जण आधी तिच्याकडून टोचून घेतलेला आहे. आणि त्याच गप्पांमधे पुस्तकी विद्वत्तेचा गर्व असलेल्या पण खरा प्रश्न आला की पळ काढणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो, तो प्रा. दामले, तिच्या पोटातल्या मुलाचा बाप, जो अख्ख्या नाटकात स्टेजवर येतच नाही. तिच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस गैरहजर आहे, हे विसरून तिचा अभ्यास होऊच शकत नाही.

सामंतांची साक्ष तर वेगळीच, ते बिचारे हातातल्या कादंबरीतून काहीबाही रचून सांगतात आणि ते नेमकं वर्मी लागतं. इथे साक्ष खोटी आणि तिच्यावर झालेला परिणाम खरा, हे दोन्ही वहीत वेगवेगळं लिहा.

मग फक्त रंगसूचना (पात्रांच्या हालचालींबद्दल लेखकाने दिलेल्या सूचना) वाचा, संवाद झाकून. सुरुवातीलाच तिचं बोट दाराच्या कडीत सापडतं, दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघून जायला बघते तर दार बाहेरून लागलेलं. तिसऱ्या अंकात, पहिल्या अंकात एवढी बडबडणारी बाई जवळजवळ गप्प आहे. ही शांतता काय आहे, भीती, राग, की पोटातल्या मुलाला जपणं? मला तिसरं पटतं पण तुम्ही संहितेतून तुमचं उत्तर काढा. मोठं स्वगत येतं तेव्हा बाकीची पात्रं गोठलेली असतात, म्हणजे ती जे बोलते ते त्या खोलीत कुणी ऐकलं का? यावर निदान अर्धं पान लिहाच.

आता बाहेरची माहिती. नाटक रंगायन या नाट्यसंस्थेने १९६७ मधे केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. गर्भपाताला सशर्त परवानगी देणारा कायदा आला १९७१ मधे, म्हणजे तिच्या काळात आईचा जीव वाचवण्यापलीकडे तो गुन्हाच होता. आणि तरी तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारी हीच मंडळी शेवटी गर्भ नष्ट करायचा निकाल देतात, तिला तर मूल हवंय. कायदा माहीत असला की हा निकाल किती भयंकर आहे ते अंगावर येतं. एवढीच बाहेरची माहिती घ्या जी एखाद्या प्रसंगाला लागू पडते, तेंडुलकरांचं चरित्र तीन पानं उतरवून काही मिळत नाही.

हे झालं की प्रत्येक प्रवेशात तिला काय हवंय ते क्रियापदात लिहा. "दुःखी आहे" नको, ते करता येत नाही. "सामंतांना आपल्या बाजूला ओढतेय", "विषय हसण्यावारी नेतेय", "दारापर्यंत पोचायचंय" असं लिहा आणि उभं राहून म्हणून बघा, जमलं नाही तर क्रियापद बदला.

१९७१ चा सिनेमा, ज्यात परत सुलभाताईच आहेत, तो प्लीज सगळ्यात शेवटी बघा. आधी बघितला तर त्यांचा आवाज डोक्यातून जात नाही, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सरांनी "हे तुला संहितेत कुठे दिसलं?" विचारलं की पान नंबर सांगता यायला हवा, म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे तो लिहूनच ठेवा.