जुन्या पीसीला यूएसबी वायफाय डोंगल लावताय? आधी तो कॅबिनेटच्या मागून बाहेर काढा

आमच्या साताऱ्याच्या घरी राउटर पुढच्या खोलीत आणि बाबांचा पीसी पार मागच्या खोलीत, मध्ये जुन्या बांधकामाच्या दोन जाड भिंती. लॅनची वायर न्यायची तर दोन्ही भिंतींना भोकं पाडायला लागली असती, बाबांना ते नको होतं. पीसी जुना, त्यात वायफाय नाहीच. मग गेल्या दिवाळीत जाताना यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखं यूएसबीत लावायचं आणि पीसीला वायफाय देणारं उपकरण, घेऊन गेलो आणि दोन दिवस त्याच्या मागे लागून पीसी, प्रिंटर, आईचा मोबाइल सगळं नीट चालू केलं. तेव्हा जे जे कळलं ते इथे लिहितोय, कारण दुकानात यातलं कोणी सांगत नाही.

आधी खरेदी. नखाएवढे छोटे नॅनो डोंगल मिळतात, त्यावर १५० एमबीपीएस लिहिलेलं असतं, ते वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या नेहमीच्या दोन बँडपैकी फक्त २.४ वर चालतात. आता हे १५० म्हणजे डोंगल आणि राउटरमधला कागदावरचा वेग, आणि तोही राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर असेल तरच, आजूबाजूला भरपूर वायफाय असतील तर राउटर बहुतेक वेळा २० वर येतो आणि मग तोच आकडा ७२ होतो, त्यातून प्रत्यक्ष हातात येतात साधारण ३५-४०. मेल, यूट्यूब, बँकेची कामं एवढ्यासाठी हे पुरतं. पण घरी १०० किंवा २०० चा प्लॅन असेल आणि पीसी राउटरच्या जवळ असेल तर थोडे जास्त पैसे टाकून दोन्ही बँडवर चालणारा ड्युअल बँड घ्या. त्यावर एसी६०० लिहिलेलं दिसलं तर ६०० चा वेग मिळणार असं समजू नका, २.४ वरचे १५० किंवा २०० आणि ५ वरचे ४३३ यांची ती बेरीज आहे आणि डोंगल एका वेळी एकाच बँडवर चालतो. एसी१२०० चंही तसंच, तिथे ५ गिगाहर्ट्झवर ८६७ असतात.

दुसरं म्हणजे चिप. डब्यावरच्या कंपनीच्या नावापेक्षा आतली चिप कोणती हे महत्त्वाचं, कारण ड्रायव्हर (पीसीला डोंगल चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) चिपचा लागतो. एकाच मॉडेल नंबरखाली चिप बदलते हे लक्षात ठेवा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या नावाजलेल्या मॉडेलमध्ये पहिल्या व्हर्जनला अ‍ॅथेरॉसची चिप होती आणि पुढच्या व्हर्जनला रिअलटेकची, बाहेरून बघून फारसं कळत नाही. विंडोजवाल्यांना याने फार फरक पडत नाही, पण जुन्या पीसीवर विंडोजऐवजी उबंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकले असतील तर मीडियाटेकच्या एमटी७६०१यू किंवा एमटी७६१२यू चिपवाला डोंगल बघा, त्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहेत, लावला की चालू.

आता लावायची वेळ. विंडोज १० किंवा ११ असेल तर बऱ्याचदा डोंगल आपोआप ओळखला जातो. नाही ओळखला तर आधी 'धिस पीसी' उघडून बघा, काही डोंगल सुरुवातीला स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात आणि त्यातच ड्रायव्हरचा सेटअप असतो, तो चालवला की मग वायफाय दिसायला लागतं. तेही नसेल तर बऱ्याच जणांची गाडी इथे अडते, ड्रायव्हरसाठी इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर पाहिजे, त्यात सोबत आलेली छोटी सीडी घालायला पीसीला ड्राइव्ह नाही. उपाय एकदम सोपा आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉटच्या खाली यूएसबी टिदरिंग चालू करा, पीसीवर लगेच नेट येतं. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय पुढे देतात, मोबाइल डेटा जात नाही. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसत्या चार्जिंगच्या केबलने ऑप्शन येतच नाही. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर. तिथे न मिळाल्यास प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा, तिथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (उपकरणाचा) असे दोन कोड दिसतात, त्यावरून चिप कळते आणि कंपनीच्या साइटवरून बरोबर ड्रायव्हर घेता येतो. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जी फुकट सॉफ्टवेअर मिळतात ती टाकू नका, पीसीत नको ते सामान भरून ठेवतात.

आमच्याकडे ड्रायव्हर पाच मिनिटांत बसला आणि खरा त्रास नंतर सुरू झाला. वायफाय जोडलं गेलं पण सिग्नलची एकच रेघ, स्पीड टेस्टला ४, फार तर ५. बाबा म्हणाले भिंतींमुळे असेल, राहू दे. पण तिथेच पलंगावर बसून माझ्या मोबाइलवर तेच २.४ चं वायफाय व्यवस्थित चालत होतं, म्हणजे नुसता भिंतींचा दोष नव्हता. टॉर्च लावून टेबलाखाली वाकलो तर डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टमध्ये, एका बाजूला पत्र्याचं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला भिंत, चार बोटांची फट, वर वायरींचा गुंता आणि शेजारच्या निळ्या पोर्टला बाबांची फोटोंची हार्ड डिस्क. हात लावला तर चांगलाच तापलेला. त्याला तिथून काढला, दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावली, पुढच्या काळ्या पोर्टमध्ये घातली आणि डोंगल दोऱ्याने खिडकीच्या गजाला दाराच्या दिशेने बांधला. मी तो धरून हळूहळू फिरवत होतो आणि बाबा चष्मा वर करून स्क्रीनवरचे आकडे मोठ्याने वाचत होते, "नऊ... एकवीस... अरे थांब थांब, अडतीस, आता हलवू नकोस."

हे का झालं ते सांगतो. पत्र्याचं कॅबिनेट लहरी अडवतं हे एक, आणि दुसरं म्हणजे निळं पोर्ट यूएसबी ३ चं असतं (काळं यूएसबी २ चं), निळ्यातून डेटा जाताना जो गोंगाट तयार होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो, त्यामुळे शेजारी हार्ड डिस्क चालू असली की डोंगलला लांबच्या राउटरचं नीट ऐकूच येत नाही. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. म्हणून २.४ वापरणार असाल तर डोंगल काळ्या पोर्टला, हार्ड डिस्कपासून लांब. ५ गिगाहर्ट्झवर एसी१२०० वापरणार असाल तर निळं पोर्ट घ्या, कारण काळ्या पोर्टचा कमाल वेगच ४८० आहे. एक्स्टेन्शन केबल दोन्हीकडे उपयोगी, फक्त फार लांब नको, एक-दीड मीटर पुरे.

वायफाय मधूनमधून आपोआप तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटला जाऊन वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची परवानगी आहे, तिची टिक काढा. आणि पासवर्ड बरोबर असूनही जुना डोंगल जोडला जात नसेल तर राउटरची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आहे का बघा, डब्ल्यूपीए२ किंवा मिक्स्ड ठेवली की काम होतं.

आता उलटं काम, पीसीवरून बाकीच्यांना नेट देणं. आमच्या स्वयंपाकघरात राउटरची रेंज पोचत नाही, पण पीसीची खोली लागूनच आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट असं गेलं की त्याच डोंगलवरून पुढे वायफाय देता येतं, जास्तीत जास्त आठ डिव्हाइस. एकच डोंगल घेणार आणि देणार म्हणून वेग साधारण निम्मा होतो, तरी आईला रेसिपीचे व्हिडिओ न अडकता दिसतात, तेवढंच पाहिजे होतं. ज्यांच्याकडे वायर थेट पीसीला येते त्यांचा वेग असा वाटला जात नाही, लॅनवरून घ्यायचं आणि डोंगलवरून द्यायचं. हॉटस्पॉट सेट करता येत नाही असा मेसेज आला तर बहुतेक वेळा डोंगलचा ड्रायव्हर ते काम करत नाही, कंपनीचा ड्रायव्हर टाकून बघा. स्मार्ट प्लग किंवा बल्ब जोडायचा असेल तर हॉटस्पॉटचा बँड मुद्दाम २.४ ठेवा, बहुतेक स्मार्ट प्लगना ५ दिसतच नाही.

प्रिंटरने आमची एक संध्याकाळ घेतली. प्रिंटर राउटरच्या वायफायवर आणि आईचा मोबाइल पीसीच्या हॉटस्पॉटवर, मोबाइलला प्रिंटर काही केल्या दिसेना. हॉटस्पॉटचं नेटवर्क वेगळं असतं, त्यातले पत्ते १९२.१६८.१३७ ने सुरू होतात आणि आमच्या राउटरचे १९२.१६८.१ ने, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. प्रिंट काढणारा आणि प्रिंटर एकाच वायफायवर पाहिजेत. राउटरच्या गेस्ट वायफायवर प्रिंटर जोडला असेल तरी हाच त्रास होतो.

टीव्हीबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, साध्या एलईडी टीव्हीच्या यूएसबीत हा डोंगल घालून वायफाय येत नाही, ते पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतं. फ्री डिशच्या काही सेट टॉप बॉक्सना मात्र चालतो, तिथेही चिप ठरलेली असते, एमटी७६०१ किंवा आरटी५३७०, तेव्हा बॉक्स घेतानाच दुकानदाराला लावून दाखवायला सांगा.

एक राहिलं. लाइट जाऊन आली किंवा पीसी बंद करून चालू केला की डोंगल राउटरला आपोआप जोडला जातो पण मोबाइल हॉटस्पॉट आपोआप सुरू होत नाही, तो हाताने चालू करायला लागतो. मी आईला दोनदा करून दाखवलं आणि 'उजव्या कोपऱ्यात खाली वायफायच्या चिन्हावर क्लिक, मग मोबाइल हॉटस्पॉट' असं ठळक अक्षरात लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवून आलो.