बियासच्या मॉडेलमध्ये बर्फ साठतच नव्हता

पंडोह धरणापर्यंतच्या बियास खोऱ्यावर स्वॅट मॉडेल (पाऊस आणि तापमानावरून नदीचा प्रवाह काढणारं संगणकीय मॉडेल) चालवलं, तर भर जानेवारीत नदी वाहती आणि मे-जूनमध्ये ठणठणाट! बर्फ वितळण्याचे गुणांक फिरवून पाहिले, ढिम्म फरक नाही. मग बर्फसाठ्याचे आकडे काढले, तर वरच्या भागातही जवळपास शून्य. मॉडेलला दिलेलं तापमान खाली दरीतल्या भुंतरचं, म्हणजे साधारण 1100 मीटरवरचं. तेच थेट 4000 मीटरच्या रोहतांग खिंडीलाही लागू झालेलं. वर बर्फ पडणार कसा? तिथे निदान सतरा अंश तरी कमी हवेत.

प्रत्येक उपखोऱ्यात उंचीचे पट्टे पाडले, क्षेत्रफळाचे वाटे भरले, टीलॅप्स (उंचीनुसार तापमान बदलण्याचा दर) उणे 6 अंश प्रति किलोमीटर ठेवला. (पट्ट्यांशिवाय नुसता टीलॅप्स बदलणं फुकट आहे.) बर्फ साठला, उन्हाळ्यातला प्रवाह जागेवर आला. ऑगस्टचं पाणी अजून कमीच पडतंय; मूळ स्वॅट हिमनद्या धरत नाही, त्यांचं पाणी वेगळं जोडावं लागेल.